बाबांच्या नावचा फ्लॅट, गावची जमीन आणि ‘वारसा कर’

वाचकाचं पत्र : बाबा ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. चिंचवडला त्यांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे. तो त्यांनी १९९६ साली ४ लाख २० हजारांना घेतला, आज ९० लाखांच्या आसपास जाईल असं दलाल म्हणतात. खेड तालुक्यात त्यांनी स्वतः घेतलेली ६० गुंठे शेतजमीन आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेत १४ लाखांच्या ठेवी आणि काही जुने शेअर्स आहेत. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. घरी आई आणि मी. बहीण लग्नानंतर कॅनडात, आजी गावी काकांकडे. एका एजंटने सांगितलं, की सरकारला दहा टक्के वारसा कर भरावा लागेल. तो वाचवायचा असेल तर बाबांच्या हयातीतली तारीख टाकून बक्षीसपत्र करून देतो, असंही म्हणाला. सगळं आईच्या नावावर करून वर्षभरात फ्लॅट विकावा, असा आमचा विचार आहे. कर नक्की किती आणि कुठे लागेल?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर :

आधी त्या बक्षीसपत्राचं, कारण त्यात तुमचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. बक्षीसपत्रावर देणाऱ्याची सही लागते, दोन साक्षीदार लागतात आणि स्थावर मिळकतीसाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. बाबा आता सही करू शकत नाहीत. त्यांच्या नावाने दुसऱ्याने केलेली सही म्हणजे बनावट दस्त, आणि तो गुन्हा आहे. मुद्रांक आणि चलनाच्या तारखा सरकारदरबारी संगणकात असतात, त्या मागे सरकवता येत नाहीत. शिवाय हा सगळा धोका ज्या करासाठी पत्करायचा, तो कर भारतात नाहीच. त्या माणसाला एकही कागद देऊ नका. मूळ करारनाम्याची प्रत दिली असेल तर आजच परत आणा.

वारसा कर आपल्याकडे एकेकाळी होता. १९५३ च्या इस्टेट ड्युटी कायद्याने मृताच्या मालमत्तेवर कर लागायचा आणि वरच्या टप्प्यावर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९८५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो काढून टाकला. वसुली जेमतेम २० कोटींच्या घरात आणि त्यामानाने यंत्रणेचा खर्च जास्त, हे कारण त्यांनी संसदेत दिलं. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना हा कर नाही. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. एप्रिल २०२४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत वारसा करावर बरीच चर्चा झाली आणि तेव्हापासून ‘दहा टक्के’, ‘तीस टक्के’ असे आकडे लोकांच्या तोंडी फिरू लागले. कायदा मात्र आला नाही. वारसाने किंवा मृत्युपत्राने जे मिळतं, ते मिळणाऱ्याचं उत्पन्न धरलं जात नाही. फ्लॅट असो, ठेव असो, शेअर असो किंवा सोनं, रकमेला मर्यादा नाही. वारसाने नाव लागतं त्यावर मुद्रांक शुल्कही नाही.

कर लागतो तो दोन ठिकाणी. एक, बाबांच्या जाण्यानंतर त्या मालमत्तेतून येणाऱ्या व्याजावर, भाड्यावर. दोन, मालमत्ता विकताना होणाऱ्या नफ्यावर. हा दुसरा आकडा मोठा असतो आणि तो विक्रीच्या दिवशी ठरत नाही. कोणता दस्त आधी केलात, कोणता कागद जपलात, यावर तो खूप आधी ठरून गेलेला असतो. म्हणून ‘सगळं आईच्या नावावर’ हे पाऊल आत्ता उचलू नका. त्याचं कारण पुढे आकड्यांनिशी दिलं आहे.

त्याआधी वारस कोण, हे नीट पाहायला हवं. तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो. आजी म्हणजे बाबांची आई असेल, आणि काकांकडे राहते म्हणता तेव्हा तीच असणार, तर ती बरोबरीची वारस आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्या जोडीने आईही येते. बाबांनी स्वतः घेतलेल्या मिळकतीत तुमची आई, तुम्ही, बहीण आणि आजी या चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा आहे. बहिणीचं लग्न झालं, ती परदेशात राहते, यामुळे तिचा हिस्सा कमी होत नाही. आजीचं नाव वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून गाळलं, तर पुढे विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील ते शोधून काढतो आणि व्यवहार अडतो. आजी या मधल्या काळात गेली, तर तिचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे काका, आत्या आणि बाबांच्या वाट्यापुरते तुम्ही दोघं भावंडं. मग चार सह्यांच्या जागी सात-आठ सह्या लागतात. तिला समोर बसवून, तिचा हिस्सा किती आणि किती रुपयांचा हे समजावून सांगा आणि तिला काय हवं ते विचारा. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेऊन काम उरकणं गैर आहे, आणि कोर्टात टिकतही नाही.

सोसायटीचे सचिव ‘नॉमिनी तुम्ही, म्हणजे फ्लॅट तुमचा’ असं म्हणत असतील तर ते चूक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ नुसार वारस कागदोपत्री ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. मालकी वारसांचीच राहते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं, की नॉमिनी हा सांभाळणारा असतो, वारसांना बाजूला सारून मालक होत नाही. सोसायटी वारसांच्या नावे भाग हस्तांतरित करताना २५ हजारांचा ट्रान्स्फर प्रीमियम मागत असेल तर देऊ नका. वारसाच्या हस्तांतराला तो लागत नाही.

आता फ्लॅट विक्रीचा हिशेब. वारसाने आलेल्या मालमत्तेची तुमची ‘खरेदी किंमत’ शून्य नसते आणि बाबा गेले त्या दिवसाचा बाजारभावही नसतो. बाबांनी दिलेली किंमत तीच तुमची किंमत. त्यांनी ती मालमत्ता किती वर्षं धारण केली तो काळही तुमच्या खात्यात धरला जातो, म्हणून तुम्ही उद्या विकलात तरी नफा दीर्घ मुदतीचाच. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेचा रास्त बाजारभाव घेण्याची मुभा आहे. तुमचा फ्लॅट १९९६ चा आहे, म्हणजे ही मुभा तुम्हाला आहे.

हा २००१ चा भाव अंदाजाने लिहायचा नसतो. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्यावा लागतो. त्यात एक अट आहे, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. मूल्यांकनकाराचा आकडा २००१ च्या रेडी रेकनरप्रमाणे (मिळकतींच्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे) निघणाऱ्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. ‘२००१ ला पंधरा लाख दाखवून देतो’ असं कोणी म्हणालं आणि रेकनर साडेसात लाख दाखवत असेल, तर साडेसातच धरले जातात. वरचा नफा, त्यावरचं व्याज आणि कदाचित दंड तुमच्या गळ्यात पडतो. अहवालाला २००१ च्या रेडी रेकनरचं संबंधित पान जोडून घ्या. २००१ नंतर घरात मोठी सुधारणा केली असेल, म्हणजे गॅलरी आत घेतली, नवी फरशी बसवली, तर तो खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो. पण बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा हवा. रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती यात बसत नाही. २००१ चा भाव घेतला की त्याआधीचा सुधारणा खर्च धरता येत नाही.

समजा, अहवालात २००१ चा भाव ७,२०,००० आला, रेकनर ७,५०,००० आहे, विक्री ९०,००,००० ला झाली आणि दलालीचे ९०,००० गेले. हातात निव्वळ ८९,१०,०००. इथे दोन पद्धती आहेत. २३ जुलै २०२४ पासूनची नवी पद्धत म्हणजे महागाई निर्देशांक न लावता नफ्यावर १२.५ टक्के. जुनी पद्धत म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के. निवासी व्यक्तीला, त्या तारखेपूर्वी संपादन केलेल्या जमिनीच्या किंवा इमारतीच्या बाबतीत, दोन्हींतला कमी कर भरण्याची सवलत आहे.

नवी पद्धत : ८९,१०,००० वजा ७,२०,००० म्हणजे नफा ८१,९०,०००, कर १०,२३,७५०.
जुनी पद्धत : २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६, म्हणून वाढीव किंमत २७,०७,२००. नफा ६२,०२,८००, कर १२,४०,५६०.

म्हणजे तुमच्यासाठी नवी पद्धतच स्वस्त. ‘इंडेक्सेशन गेलं, लुटलं’ अशी ओरड पुष्कळ ऐकू येते, पण या निर्देशांकाने विक्रीची किंमत २००१ च्या भावाच्या साधारण ८.३६ पटींपेक्षा जास्त असेल तर १२.५ टक्केच फायद्याचे ठरतात. पिंपरी-चिंचवडसारख्या, झपाट्याने भाव वाढलेल्या शहरांत ते होतं. लहान गावात भाव पाच-सहा पटच वाढला असेल तिथे जुनी पद्धत बरी. विक्री ज्या वर्षी होईल त्या वर्षीचा निर्देशांक घेऊन हा गुणक पुन्हा काढा. तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी एक इशारा. वारसा २३ जुलै २०२४ नंतर आला असेल तर ‘संपादन’ बाबांच्या तारखेचं की वारसाच्या, यावर अधिकारी वाद घालू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात, आधीच्या मालकाने मिळकत ज्या वर्षी घेतली त्या वर्षापासून निर्देशांक धरायला मान्यता दिली आहे. तो निकाल बक्षिसाने आलेल्या मिळकतीचा होता, पण तत्त्व तेच. जुनी पद्धत निवडायची असेल तर सीएचं लेखी मत फाइलला लावा. तुम्हाला १२.५ टक्केच पुरेसे आहेत, त्यामुळे या वादात पडायची गरज नाही.

आता ‘आईच्या नावावर करून विकू’ याचा हिशेब. तुम्ही तिघांनी हक्कसोडपत्र करून आपापले हिस्से आईला सोडले आणि आई एकटी मालक झाली, तर पूर्ण ८१,९०,००० चा नफा तिच्या एकटीच्या विवरणात येईल. एकूण उत्पन्न ५० लाखांवर गेलं की करावर १० टक्के अधिभार लागतो. १०,२३,७५० चे ११,२६,१२५ होतात आणि ४ टक्के सेस धरून ११,७१,१७० रुपये.

चौघांनी चार हिस्सेदार म्हणून विकलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला २०,४७,५०० नफा. तुमचा पगार धरूनही कोणी ५० लाखांवर जात नाही असं गृहीत धरलं तर अधिभार नाही. आजीला दुसरं करपात्र उत्पन्न नसेल, तर ती निवासी असल्यामुळे नव्या करप्रणालीतली ४ लाखांची मूळ सवलत याच नफ्यातून वजा होते आणि तिचा कर सेसपूर्वी ५०,००० ने घटतो. आईची सवलत तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनात संपली असं धरलं, तरी चौघांचा मिळून कर १०,१२,७०० होतो. फरक १,५८,४७० रुपयांचा.

खरी तफावत रोख्यांत आहे. घर विकल्यापासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत पैसे गुंतवले तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. मर्यादा माणशी ५० लाख, मुदत पाच वर्षं. व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते करपात्र असतं. चौघांनी प्रत्येकी २०,४७,५०० गुंतवले (रोखे १०,००० च्या पटीत मिळतात, म्हणजे २०,५०,०००) तर सगळा कर शून्यावर येतो. आई एकटी असेल तर ५० लाखच बसतात, उरलेल्या ३१,९०,००० वर सेससह ४,१४,७०० कर भरावाच लागतो. चार लाख रुपये, केवळ एक दस्त घाईने केला म्हणून.

अर्थात सगळेच पैसे पाच वर्षं अडकवणं प्रत्येक घराला परवडत नाही. आईला दुसरं छोटं घर घ्यायचं असेल तर तिच्या हिश्श्याच्या नफ्यातून ते विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेता येतं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत, आणि तेवढा नफा करमुक्त राहतो. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपर्यंत घर झालं नसेल तर पैसे बचत खात्यात ठेवून चालत नाही. बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’ उघडून त्यात भरावे लागतात. सवलत हातातून जाते ती बहुतेक वेळा इथेच.

मग हक्कसोडपत्र कधी करायचं? फ्लॅट विकायचा नसेल, आईला तिथेच राहायचं असेल आणि चौघांची खरी इच्छा तीच असेल, तेव्हा. महाराष्ट्रात भाऊ-बहीण, आई-वडील, पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आधी वारलेल्या मुलाची मुलं अशा नात्यांत, मोबदला न घेता वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ते २०० चं ५०० रुपये झालं. यातल्या ‘वडिलोपार्जित’ या शब्दावर काही कार्यालयांत अडवणूक होते. म्हणून मिळकत कै. वडिलांकडून वारसाहक्काने आली, चौघांचे हिस्से इतके, आणि हक्क विनामोबदला कोणाच्या लाभात सोडला, हे दस्तात स्वच्छ लिहा. शंका राहिली तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक किती लागेल याचा लेखी निर्णय, करून घ्या. दस्तात ‘विनामोबदला’ आणि मागच्या दाराने बहिणीला दहा लाख, असं मात्र करू नका. मोबदला दिला की तो खरेदीखतासारखा व्यवहार होतो, त्यावर मुद्रांक वेगळा आणि बहिणीला भांडवली नफ्याचा कर वेगळा. पैसे बँकेतून गेलेले दिसतात. आणि एक गोष्ट चौघांनीही लक्षात घ्या, की नोंदलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

विक्रीच्या वेळी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, सांभाळा. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार निवासी विक्रेत्यांच्या हिश्श्यावर १ टक्का कापतो. हिस्सा साडेबावीस लाखांचाच आहे म्हणून सुटका नाही, एकूण किंमत पाहिली जाते. ज्याचं पॅन नाही किंवा आधारशी न जोडल्याने बंद पडलं आहे, त्याचे २० टक्के कापले जातात. आजीचं पॅन आहे का, हे आत्ताच पाहा. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून वयस्कर माणसांचं आधार अडतं. त्यात महिने जाऊ शकतात.

बहीण कॅनडाची निवासी आहे, म्हणून तिच्या हिश्श्याला १ टक्क्याचा नियम नाही आणि ५० लाखांची किमान मर्यादाही नाही. तिच्या साडेबावीस लाखांवर सेससह १३ टक्के, म्हणजे २,९२,५०० कापले जातील. तिचा प्रत्यक्ष कर २,६६,१७५, आणि रोखे घेतले तर शून्य. म्हणून करारनामा करण्याआधी तिने प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला मागावा. दाखला यायला काही आठवडे लागतात, तेवढी मुदत विक्रीच्या करारात धरा. खरेदीदाराला ती अनिवासी आहे हे लेखी सांगा. त्याने चुकून १ टक्का कापला तर उरलेली रक्कम आणि व्याज त्याच्यावर येतं, आणि शेवटी भांडण तुमच्या दारात येतं. तिला मूळ सवलतीतून नफा वजा करता येत नाही, निर्देशांकाची जुनी पद्धतही नाही. पैसे तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) जमा करा. वारसाच्या मालमत्तेचे पैसे तिथून दर आर्थिक वर्षी १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्याला सीएचा दाखला लागतो. कॅनडाबाहेरच्या तिच्या अशा मालमत्तेची एकूण किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली, तर तिकडे ती मालमत्ता जाहीर करण्याचा टी-११३५ हा फॉर्म भरायचा का, हे तिने तिथल्या करसल्लागाराला विचारावं. तो न भरण्याचा दंड मोठा असतो.

तिला येणं जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात (एका देशाचा सरकारी शिक्का दुसऱ्या देशाने मानण्याचा करार) आहे, त्यामुळे तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल घेता येतं, किंवा भारतीय वकिलातीत सही करता येते. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घ्या. पाकीट टपालाने आलं असेल तर तारखेचा शिक्का असलेलं ते पाकीटही ठेवा.

शेतजमिनीचा कर वेगळ्या चालीने जातो. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याच्या भाषेत भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून ती विकली तर नफ्यावर कर नाही. पण ‘ग्रामीण’ म्हणजे मैलाच्या दगडावरून ठरत नाही. लोकसंख्या १० हजार ते १ लाख असलेल्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, आणि १० लाखांच्या वर ८ किलोमीटर, तेही सरळ हवाई रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. खेड तालुका असल्याने तुम्हाला चाकण, राजगुरुनगर आणि आळंदी या नगरपरिषदा आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, या सगळ्यांपासूनचं अंतर पाहावं लागेल. यांपैकी एकाच्याही पट्ट्यात गट आला तर जमीन शहरी. हद्दवाढ झालेली असू शकते, म्हणून जुन्या दाखल्यावर विसंबू नका. सातबाऱ्यावरच्या पीक नोंदी नियमित आहेत ना, हेही पाहा. पाच वर्षं ‘पड’ दाखवलेली जमीन शेतजमीन म्हणून पटवणं अवघड जातं.

नाव लावायला कायदा तीन महिन्यांची मुदत देतो. ती उलटली तरी नोंद होते, पण लांबवू नका. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करा. अर्जात चौघांची नावं द्या. नोंद आधी वारस नोंदवहीत जाते, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, १५ दिवसांची हरकतीची मुदत, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नावं चढतात. वाटणीचा विचार असेल तर तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, आठवा : जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. म्हणजे साठ गुंठ्यांचे चार तुकडे बागायतीत बसतात, जिरायतीत नाही. बहिणीला हा हिस्सा वारसाने ठेवता येतो. तिने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तरीही. पण विकताना तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येतो.

ठेवींचं काम त्यामानाने सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार, नॉमिनी नसलेल्या ठेवीही व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत असतील तर कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र न मागता द्यायच्या आहेत. सहकारी बँकेसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. ही रक्कम व्याज धरून पाहतात. तुमच्या १४ लाखांवर व्याज साचलं आहे, तेव्हा नेमका आकडा बँकेकडून लेखी घ्या. बँकेला मृत्यूची तारीख कळवून त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि नंतरचं व्याज असा फोड केलेला दाखला मागा. आधीचं व्याज बाबांच्या विवरणात, नंतरचं वारसांच्या. कळवलं नाही तर वर्षभर टीडीएस बाबांच्या पॅनवर कापला जातो आणि तो सोडवून घेण्यात दोन हंगाम जातात.

बाबांचं १ एप्रिल २०२५ पासून ते गेले त्या दिवसापर्यंतचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. प्राप्तिकराच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून ‘रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ म्हणून, मृताचे कायदेशीर वारस या प्रकारात नोंदणी करा. मृत्यूचा दाखला, बाबांचं आणि तुमचं पॅन, आणि वारस असल्याचा महसूल विभागाचा दाखला किंवा कोर्टाचं वारस प्रमाणपत्र जोडा. मंजुरीला काही दिवस लागतात, म्हणून ३१ जुलैच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करू नका. हे विवरण १९६१ च्या कायद्याखालीच जातं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वर सांगितलेली तत्त्वं तीच आहेत. बाबांचा एखादा जुना कर बाकी निघाला, तर तुमची जबाबदारी त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच. स्वतःच्या पगारातून भरावं लागेल ही भीती नको. परतावा जमा होईपर्यंत बाबांचं पॅन परत करू नका.

शेअर्स वारसांच्या डीमॅट खात्यात येणं ही विक्री नव्हे, तेव्हा कर नाही. विकताना बाबांची खरेदी किंमत लागते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या शेअर्सना त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव आधार धरता येतो, विक्रीची किंमत त्यापेक्षा कमी असेल तर विक्रीच्या किमतीपर्यंत. दीर्घ मुदतीच्या नफ्यातले वर्षाला सव्वा लाख करमुक्त. चौघांत वाटले तर चौघांना ही सवलत वेगवेगळी. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर्स आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेले असतील, ते परत मिळवायला स्वतंत्र अर्ज लागतो.

या आठवड्यात एवढं करा : १९९६ चा मूळ करारनामा, मुद्रांकाची पावती आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) शोधा. सापडले नाहीत तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रती काढा. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा प्रती घ्या, प्रत्येक कार्यालय मूळ मागतं. आजीचं पॅन आणि आधार तपासा. मग मूल्यांकनकाराला फोन करा आणि फ्लॅटची किंमत आजची नको, १ एप्रिल २००१ ची हवी, हे पहिल्याच वाक्यात सांगा.